रोहिणीत भंडारदऱ्याला, जीप नीट भरून

रोहिणी निघाली. नांगरट, वखरणी उरकली. शेणखत पसरून झाले, बियाणे घरात येऊन पडले, आणि मृगाला अजून आठ-दहा दिवस आहेत. वर्षातले हेच काय ते दिवस, की घरच्या माणसाने शेताकडे पाठ फिरवली तरी शेत रागावत नाही. मुलांच्या शाळांना सुट्टी असते. आणि नेमके याच दिवसांत अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याच्या जलाशयाभोवती, हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर काजवे उतरतात. झाडच्या झाड एकदम उजळते आणि एकदम विझते. मृगाचा पाऊस जोरात आला, की हा सगळा सोहळा संपला.

आता गावोगाव जीप आहे. कोणाकडे जुनी, कोणाकडे नवी, कोणाकडे चारही चाकांना जोर लागणारी फोर व्हील. सोयरेधायरे, बाजार, दवाखाना, वऱ्हाड, सगळे तिच्यावरच चालते. मग दोन रात्री तंबू टाकून घरच्यांना भंडारदरा का दाखवू नये? जरूर दाखवा. मात्र गोठ्यातल्या दुभत्या जनावरांची धार काढायला भरवशाचे माणूस मागे ठेवा, नाहीतर घरच्या बाईचे निम्मे चित्त तिकडेच राहते. आणि दुसरी गोष्ट, जिच्यासाठी हा लेख आहे, ती म्हणजे गाडी भरण्याची. वऱ्हाडाची जीप भरायची आपल्याला सवय आहे. आत मावतील तितकी माणसे, उरलेले टपावर. ती सवय घाटात आणि कच्च्या रस्त्यावर घेऊन जाऊ नका. गाडीत आजी असते, लेकरे असतात.

खरे म्हणजे ही विद्या शेतकऱ्याला नवी नाही. बैलगाडीत ऊस किंवा कडबा भरताना आपण काय पाहतो? ओझे मागे जास्त झाले की गाडी उलाळ होते. जू वर उचलते, जुपण्या बैलांच्या गळ्याला आवळतात. पुढे जास्त झाले की बैलांच्या मानेवर भार येतो. म्हणून जाणता गडी जड माल आखावर आणि आखाच्या किंचित पुढे ठेवतो. जीपही तशीच उलाळ होते, फक्त ती बैलासारखी घोरून सांगत नाही. मागच्या आखाच्याही मागे, दाराशी, पाण्याचे कॅन आणि गॅसची टाकी रचली, की मागचा भाग बसतो आणि पुढची चाके हलकी होतात. सुकाणू हातात हलके, पोकळ लागते. रात्री दिव्याचा झोत रस्त्यावर पडायच्या ऐवजी झाडांच्या शेंड्यावर जातो आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपवतो. असे झाले, तर गाडी बाजूला घ्या आणि जड सामान पुढे सरकवा.

तेव्हा सगळ्यात जड ते सगळ्यात खाली, आणि पुढच्या व मागच्या चाकांच्या मध्ये. पाणी, शिधा, गॅस, अवजारे यांची जागा बाकाच्या पाठीला टेकून तळाशी. त्यावर भांडी. त्यावर वळकट्या आणि कपडे. टपावर फक्त हलके आणि फुगीर सामान, म्हणजे सतरंज्या, रिकाम्या बादल्या, तंबूचे कापड. टपावर किती वजन चालते तेही गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते आणि तो आकडा आपल्या अंदाजापेक्षा पुष्कळ कमी असतो. जीप मुळातच उंच. वर ओझे चढले की वळणावर ती झुलते, आणि रस्ता एका बाजूला उतरता असेल तर कलंडायला फार लागत नाही.

किती भरावे, याचा हिशेब कागदावर करा. पुस्तिकेत दोन आकडे असतात, रिकाम्या गाडीचे वजन आणि भरल्या गाडीचे कमाल वजन. त्यांची वजाबाकी करा. समजा ६०० किलो आले. माणसे सात, लहानमोठी धरून सरासरी ५५ किलो, म्हणजे ३८५ गेले. उरले २१५. प्यायला आणि रांधायला माणशी रोज ४ लिटर पाणी धरले तर दोन दिवसांचे ५६ लिटर होते. २० लिटरचे तीन कॅन घ्या, म्हणजे ६० किलो. तंबू, ताडपत्री, अंथरूण-पांघरूण ७०. भांडीकुंडी, शिधा, गॅस ४०. अवजारे आणि दोर २५. झाले १९५. राहिले अवघे २० किलो! आता निघताना कोणी म्हणाले, वाटेवरच आहे तर ताईकडे अर्धे पोते कांदे टाकून जाऊ, तर त्यांना हा कागद दाखवा. वजन ठरले की चाकांतली हवाही त्या भाराप्रमाणे भरून घ्या. आकडा बहुधा दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो.

पाण्यासाठी एकच मोठा पिंप घेऊ नका. अर्धा भरलेला टँकर वळणावर कसा हेलकावतो ते दुष्काळात आपण सर्वांनी पाहिले आहे. अर्धा पिंपही गाडीत तेच करतो. लहान कॅन, तोंडापर्यंत भरलेले. एक संपला की मग दुसरा उघडावा.

आणि गाडीतले काहीही मोकळे राहता कामा नये. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी एकाएकी थांबली, तर मागचा मोकळा पाटा-वरवंटा पुढे किती वेगाने येईल? तेहतीस फूट खोल विहिरीच्या काठावरून सोडला तर कोरड्या तळाला ज्या वेगाने आपटेल, तितक्या. त्या वाटेत तुमच्या लेकरांची डोकी आहेत. सोल, नाडा, चऱ्हाट, जे घरात असेल त्याने सामान आवळा आणि गाडीच्या लोखंडी कड्यांना बांधा. वरून दोरीची जाळी टाकलीत तर फारच उत्तम. सामान बाकाच्या पाठीच्या वर जाऊ देऊ नका, म्हणजे मागचा रस्ताही आरशात दिसेल. ज्या जीपमध्ये मागे आमोरासमोर बाक असतात तिथे बायामुलांच्या पायांत बोचकी कोंबतात, तेही बरे नव्हे. उतरायची घाई झाली की पाय अडकतात.

आता क्रम. जे आधी लागणार ते शेवटी भरावे, ही गोष्ट सोपी वाटते, पण घराघरात नेमकी उलटी होते. कारण तंबू माळ्यावरून सगळ्यांत आधी उतरतो आणि सगळ्यांत आधी गाडीत जातो. मुक्कामाला पोचेपर्यंत दिवस मावळलेला असतो, आभाळ भरून आलेले असते, आणि तंबू काढायला आधी सगळा संसार मातीत मांडावा लागतो. म्हणून तंबू, खुंट्या, हातोडी, ताडपत्री आणि एक चांगली बॅटरी ही मंडळी दाराशी, हात घालताच मिळतील अशी ठेवा. हलकी असल्याने तिथे ती चालतात. जॅक, पाना आणि स्टेपनीचे तर विचारूच नका. संगमनेरकडच्या रस्त्याला एका कुटुंबाची जीप पंक्चर होऊन उभी राहिलेली मी पाहिली. जॅक तळाशी, वर तीन दिवसांचे सामान. आजीबाई रस्त्याच्या कडेला पिठाच्या डब्यावर बसलेल्या, सुना भर उन्हात पातेली उतरवताहेत. चाक बदलायला जितका वेळ लागला त्याच्या तिप्पट वेळ सामान उतरवण्या-चढवण्यात गेला. जॅकसोबत फूटभर लांबीची जाड फळीही घ्या. मऊ जमिनीत जॅकखाली फळी नसली तर गाडी वर जात नाही, जॅकच खाली जातो.

आजीच्या गोळ्या, मुलांसाठी साखर-मिठाच्या पुड्या, पट्ट्या, मलम, एवढे एका डब्यात घालून तो डबा पुढच्या माणसाच्या पायाशी ठेवा. वाटेवरचे खाणे वेगळ्या पिशवीत घ्या. दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, कैरीचे लोणचे दोन दिवस सहज टिकतात आणि दुपारची चूल वाचते.

संगमनेर, अकोले, राजूर करत तुम्ही शेंडीला पोचता. राजूर बाजाराचे गाव, डिझेल आणि राहिलेले सामान तिथेच घ्या. या पट्ट्यातली डांगी जनावरे गाडी थांबवून बघा. काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची, टणक काळ्या खुरांची ही जात कातडीवरच्या तेलकटपणामुळे इथला धो धो पाऊस अंगावर झेलते. शेंडीशेजारीच १९२६ साली पुरे झालेले भंडारदऱ्याचे धरण. रतनगडावर उगम पावणाऱ्या प्रवरेचे हे पाणी. संगमनेरजवळच्या ओझर बंधाऱ्यावरून जे पाट निघतात आणि ज्यावर खालच्या भागातली उसाची शेते उभी राहिली, त्या पाण्याचे माहेर हे. पाटाच्या पाळीसाठी रात्री जागवणाऱ्याने हे एकदा तरी डोळ्यांनी पाहावे. समोर १६४६ मीटर उंचीचे कळसूबाईचे शिखर. जलाशयाला वळसा घालणाऱ्या रस्त्यावर मुतखेल, रतनवाडी, साम्रद, घाटघर ही गावे लागतात, आणि रतनवाडीला अमृतेश्वराचे जुने कोरीव देऊळ. आजीला देवदर्शन तिथेच घडवा.

खरी परीक्षा इथे सुरू होते. मे अखेरीस पाणी खाली गेलेले असते आणि काठाची सपाट जमीन उघडी पडते. वरून खडखडीत वाळलेली, आत गाळ. फोर व्हील आहे म्हणून चालवणाऱ्याला वाटते, पाण्यापाशी नेऊन लावू. पण पूर्ण भरलेली जीप रुतली तर चारही चाकांनी रुतते, आणि मग गावातला ट्रॅक्टर शोधावा लागतो. आधी पायी चालून बघा, काठी खुपसून बघा. जायचेच असेल तर माणसे उतरवून जा. फोर व्हील लावायची ती चिखलाच्या अलीकडे, रुतल्यावर नव्हे. आणि दांडा ओढून लावायची जी जुनी रीत आहे त्या गाडीत कोरड्या डांबरी रस्त्यावर ती तशीच ठेवू नये, आतले दाते भरडतात. फावडे, घमेले, जाड दोरखंड आणि दोन-चार बारदाने बरोबर असू द्या. चाकापुढची माती काढून बारदान अंथरले की बरेचदा तेवढ्यावर काम भागते.

तंबू उंचवट्यावर टाका. ओढ्याच्या पात्रात किंवा अगदी पाण्याच्या कडेला नको. वळवाचा पाऊस डोंगरात पडतो आणि ओढा इथे येतो. एकट्या उंच झाडाखालीही नको, या दिवसांत विजा फार. जमलेच तर गावातल्या एखाद्या घराच्या खळ्यावर जागा मागा. माणशी थोडे पैसे घेऊन तांदळाची भाकरी आणि पिठले मिळते, शेजारही मिळतो. हा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा आहे, तेव्हा नाक्यावर वनखात्याच्या माणसाला नियम विचारून घ्या आणि जाळ करू नका. स्वयंपाकाला गॅसची लहान टाकी पुरते. प्रवासात ती उभी, रेग्युलेटर काढून, टोपण लावून, बांधलेली. डिझेलचा कॅन माणसांच्या गाडीत घेऊच नये.

एक गोष्ट मात्र घरच्या प्रत्येकाला बजावून ठेवा. पहाटे गारवा सुटतो, पाऊस येतो, आणि कोणाला तरी वाटते कोळशाची शेगडी तंबूत घ्यावी. घेऊ नका. निखारा विझत आला असे वाटते तेव्हाही त्यातून निघणारा विषारी वायू दिसत नाही, वास येत नाही, आणि झोपलेले माणूस उठत नाही. गाडी बंद करून, इंजिन चालू ठेवून आत झोपणेही तसेच. थंडी वाजली तर आणखी एक घोंगडी अंगावर घ्या.

काजवे बघायला जाताना गाडी रस्त्यावरच ठेवा, दिवे विझवा, बॅटरीही विझवा, आणि मुलांना झाडाजवळ पळू देऊ नका. माद्या खाली गवतातच असतात. पाच-दहा मिनिटे अंधारात डोळे बसू द्या. मग दिसते.

परतताना सामान कमी झालेले असते, म्हणून बांधायचा आळस होतो. पाणी संपले, शिधा संपला, आणि उरलेले सामान मोकळ्या गाडीत गडगडायला लागते. तेव्हा दोर पुन्हा आवळा. खुंट्या मोजून घ्या, कचरा पोत्यात भरून घरी आणा. ओला तंबू वेगळ्या बारदानात गुंडाळा, अंथरुणावर टाकू नका. आणि घरी पोचल्यावर कितीही दमला असाल, तरी दुसऱ्या सकाळी तो खळ्यावर पसरा, कॅन उन्हात उलटे घाला. मृग लागला की तंबू वाळवायला ऊन मिळत नाही, आणि ताडपत्री तर पहिल्या सरीबरोबरच कांद्याच्या ऐरणीवर लागेल.