कमाई पोराची, नाव पोराचं

खामगावात सराफ्याजवळच्या गल्लीत एक करसल्लागार बसायचे. अख्खा बाजार त्यांना वकीलकाका म्हणायचा. ते आता नाहीत. माझं छपाईचं दुकान उभं राहिलं ते त्यांच्यामुळे, हे मी येणाऱ्या-जाणाऱ्याला आवर्जून सांगतो.

२०१३ चा मे महिना. अकरावीची परीक्षा आटोपली होती, मला सतरावं लागलेलं. बाबा पेंटर. फ्लेक्स आले आणि दुकानांच्या पाट्या हातच्या गेल्या, पण खरिपाच्या तोंडावर गावोगावच्या भिंतींवर बियाण्यांच्या जाहिराती रंगवायचं काम टिकून होतं. त्या वर्षी बाबांची कंबर धरली आणि शिडी माझ्याकडे आली. खामगाव, शेगाव, नांदुरा तालुक्यांतल्या भिंती. उन्हं चढायच्या आत चुन्याचा हात मारायचा, तो सुकला की निळीत बुडवलेलं सूत दोन टोकांना ताणून मधोमध उचलून सोडायचं. भिंतीवर सरळ निळी रेघ उमटायची. मग अक्षरं, आणि शेवटी कपाशीचं बोंड. बोंड मला बाबांपेक्षा चांगलं जमायचं, हे तेच म्हणायचे.

रंग एजन्सीचा, मजुरी आमची. बिल झालं नव्वद हजारांचं. एजन्सीवाले म्हणाले, पोराकडे पॅन नाही, त्याच्या नावावर बिल केलं तर वीस टक्के कापावे लागतील. वडिलांचं पॅन द्या, एकच टक्का कापू. अठरा हजार कुठे आणि नऊशे कुठे! बाबा तयार झाले. त्यांच्या जागी कोणीही झालं असतं. फक्त सही करण्याआधी ते मला घेऊन काकांकडे गेले.

काकांनी माझ्या नखांतला रंग पाहिला. "भिंती कोनं रंगवल्या?"

"यानंच."

"मंग बिल तुमच्या नावावर कायले?"

अज्ञान मुलाचं उत्पन्न बापाच्याच उत्पन्नात धरतात, असं बाबांनी कुठंतरी ऐकलं होतं. काकांनी कपाटातून १९६१ चा आयकर कायदा काढला आणि कलम ६४ चं पान उघडून आमच्यासमोर ठेवलं. लोक पोरांच्या नावावर ठेवी ठेवून कर वाचवायचे, म्हणून १९९२ साली ही तरतूद आली. पण तिच्यातच लिहिलंय, की मुलानं स्वतःच्या अंगमेहनतीनं किंवा कौशल्यानं मिळवलेला पैसा त्याचाच. काकांनी ती ओळ बोट ठेवून मला वाचायला लावली. सरकारच्या पुस्तकात माझ्या हाताबद्दल काही लिहिलेलं असेल, असं मला कधी वाटलंच नव्हतं.

बाबांची खरी भीती निराळी होती. पोराला इन्कम टॅक्स लागला तर शिष्यवृत्ती जाईल. काका म्हणाले, दोन लाखांपर्यंत करच नाही. तहसीलच्या दाखल्याला जे खरं असेल ते सांगा. पण पोरानं कमावलं हे भिऊन लपवू नका.

बिल थांबवून आधी पॅन काढलं. अर्जावर पालक म्हणून बाबांची सही. कार्डावर ना माझा फोटो, ना सही. अठरा पूर्ण होईपर्यंत ते तसंच असतं. नंबर मात्र माझा, जन्मभराचा. मग एकच टक्का कापला गेला.

२०१४ च्या जुलैत पहिलं रिटर्न भरलं, 'सुगम' फॉर्मवर. आठ टक्के नफा दाखवला तरी चालतं, असं मी कोणाकडून तरी ऐकून आलो होतो. काका म्हणाले, आठ म्हणजे कमीत कमी. हातात जास्त उरलं असेल तर तेवढं लिहायचं. पेट्रोल, ब्रश, पोऱ्याची मजुरी असं सगळं त्यांनी मला वहीत मांडायला लावलं. बाबांनी सही केलेली पावती मी स्वतः पोस्टानं बंगळूरला पाठवली. नऊशे रुपये माझ्या बचत खात्यात परत आले.

फी त्यांनी घेतली नाही. अठरा पूर्ण झाले, पॅनवर फोटो आणि सही चढली, त्या वर्षीपासून पूर्ण फी घेतली आणि पावती माझ्या नावानं फाडली. दर जुलैत रिटर्न भरायला लावलं, कर बसो की न बसो.

२०१९ मध्ये छपाईच्या मशीनसाठी मुद्रा कर्ज मागायला गेलो. बँकेनं मागच्या वर्षांचे रिटर्न मागितले, मी फाइल पुढे केली. मंजुरीचं पत्र घेऊन थेट काकांकडे गेलो. त्यांनी चष्मा लावून ते अथपासून इतिपर्यंत वाचलं, व्याजाचा दर दोनदा पाहिला.

"बापाले सांगितलं?"

"नाही अजून."

"मंग इथं काऊन बसला? घरी जाय आधी."