मालवणच्या पाण्यावर

आम्हां कोल्हापूरकरांचे पाणी म्हणजे पंचगंगेचा घाट आणि रंकाळ्याचा कठडा. त्यापलीकडचे पाणी आम्ही बहुधा नकाशातच पाहतो. वास्तविक हे कोल्हापूरच्या गादीस शोभणारे नव्हे. मालवणचा सिंधुदुर्ग, ज्याचे काम शिवछत्रपतींनी 1664 च्या नोव्हेंबरात आरंभिले, तो पुढे दीर्घकाळ कोल्हापूरकरांच्याच ताब्यात होता. 1765 मध्ये इंग्रजांनी तो घेतला, 'फोर्ट ऑगस्टस' असे त्याचे बारसे केले, आणि पुढे कोल्हापूरकरांस परत दिला. पण 1812 च्या तहात मालवण हातचे गेले ते गेलेच. बंदराबरोबर समुद्राची विद्याही आमच्या घरांतून गेली असावी. नाही तर माझ्या पुतणीने शिडाच्या होडीतून मुंबईस जाण्याचा बेत सांगितला, तेव्हा आमच्या घरात जो हाहाकार उडाला तो उडता ना.

माझा धाकटा भाऊ तीन वर्षांमागे वारला. त्याची ही एकुलती एक मुलगी. शिक्षण संपवून नोकरीस लागली, ती गोव्यास. आणि तेथे सुट्टीच्या दिवशी होडी हाकावयास शिकली. माझाच एक जुना विद्यार्थी व्यापारी जहाजांवर वीस वर्षे काढून गोव्यात स्थायिक झाला आहे. त्याची स्वतःची सत्तावीस फुटी होडी आहे. तो, त्याची पत्नी आणि आमची मुलगी अशी तिघे मालवणहून निघून तीनचार रात्री पाण्यावर काढून मुंबई गाठणार, असा तो बेत. मुलीने आईपुढे सगळी उदाहरणे ठेवली. 2009-10 साली दिलीप दोंदे यांनी एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली; 2017-18 मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी 'तारिणी' नौकेतून केली; आणि त्याच 'तारिणी'तून 2024-25 मध्ये दिलना आणि रूपा या दोघींनीच केली. या दोन्ही नौका गोव्यात बांधलेल्या. यावर वहिनींचे उत्तर एका वाक्याचे होते : "त्या नौदलाच्या, ही माझी आहे."

शेवटी त्या मला म्हणाल्या, "भावोजी, तुम्ही एकदा त्या होडीत बसून या. तुम्ही हो म्हणालात तर माझी ना नाही."

हे ओझे माझ्यावर कशाकरिता, असे मनात आले. पण वडीलपणाचा भार काही मागून मिळत नाही. फेब्रुवारीत राधानगरी-दाजीपूरवरून फोंडा घाट उतरून मी मालवणास गेलो. घाट उतरताच हवा अंगास चिकटू लागते आणि झाडांवरच्या पानांचा रंगही पालटतो; पण त्या मार्गाचे वर्णन इतरांनी पुष्कळ केले आहे.

होडी बंदरात नांगरून ठेवलेली होती. लहान होडक्यातून तिच्यापाशी जाऊन मी वर चढलो आणि पहिल्याच क्षणी चुकलो. शिष्याने आदराने मागच्या बाकाचा कोपरा दाखविला, तेथे मी भक्कम बैठक मारली. पुतणी म्हणाली, "काका, तिथं नको. मागं बसलात तर शेपूट बुडतं. जरा पुढं, मध्यावर या." पंचाहत्तर किलो वजनाचे काका मुकाट्याने सरकले.

मग तिने मला आतील मांडणी दाखविली. पिण्याच्या पाण्याचे डबे, हत्यारांची पेटी, जादा साखळी, सगळे तळाशी आणि मध्याजवळ. टोकाशी जड वस्तू ठेवली तर लाटेवर होडीचे नाक खाली-वर आपटत राहते. उंचावर ठेवली तर होडी कलती ती लवकर सावरत नाही. होडीच्या पोटाखाली शिशाचा पंख आहे. एकूण वजनाचा सुमारे तिसरा हिस्सा त्या एका पंखात. आमच्याकडे उसाची गाडी भरणारास हे निराळे शिकवावे लागत नाही : भार मागे गेला की गाडी उलळते, पुढे आला की बैलांच्या मानेवर बसतो. आणि तालमीतील पोरासही कंबर खाली ठेवून उभे राहण्याचे महत्त्व ठाऊक असते. मला मात्र ते सदुसष्टाव्या वर्षी, सत्तावीस फुटी होडीत कळले.

बाराच्या सुमारास नांगर उचलला. सकाळचा मतलई वारा केव्हाच पडला होता आणि वायव्येकडून खारा वारा सुटू लागला होता. सिंधुदुर्गाच्या आसपास खडक फार, त्यामुळे बाहेर पडेपर्यंत शिष्याने सुकाणू स्वतःच्या हाती ठेवले. मोकळ्या पाण्यात येताच ते मुलीच्या हाती दिले आणि स्वतः पाय पसरून बसला. आम्ही नैर्ऋत्य-पश्चिमेकडे चाललो होतो. वारा उजव्या हातास, शिडे ताणलेली, आणि एंजिनाचा आवाज नाही. केवळ पाणी कापल्याचा आवाज. मला तर वाटले की, यात भिण्याजोगे काहीच नाही. वहिनींस काय सांगावयाचे, ते मी मनात जुळवूही लागलो.

दीड वाजता वारा वाढला. होडी डावीकडे कलू लागली. प्रथम मौज वाटली, मग वाटेना. डावी कड पाण्यास लागली. सुकाणू मुलीच्या हातास ओढ देऊ लागले; होडीचे नाक आपणहून वाऱ्याकडे वळू पाहत होते. शिष्याकडे पाहिले तर तो दूर एका मचव्याकडे बघत स्वस्थ बसलेला. हा मुद्दाम गप्प आहे, हे मी ओळखले. फळ्याशी उभ्या असलेल्या मुलास उत्तर सुचेपर्यंत मीही असाच खिडकीबाहेर बघत असे.

"रीफ घेऊ या," मुलगी म्हणाली.

रीफ म्हणजे शीड आखडणे, त्याचा पट कमी करणे. मला हे थोडे लाजिरवाणे वाटले, खोटे कशाला सांगू? वारा मनाजोगता मिळाला असता शीड कमी करणे म्हणजे दक्षिणा मिळत असता मूठ मिटण्यासारखे. शिष्याने मात्र लगेच मान डोलावली आणि सुकाणू धरले. "काका, उजवीकडं या. वाऱ्याच्या बाजूला. आणि हलू नका," असे मला बजावून ती डोलकाठीपाशी गेली. कमरेचा पट्टा तिने आधी दोरास अडकविला, हे मी पाहून ठेवले. वहिनी तेच प्रथम विचारणार होत्या.

पुढचे काम तीनचार मिनिटांचे. शिष्याने शिडाचा दोर सैल सोडला, तशी मोठ्या शिडातील हवा गेली आणि ते फडफडू लागले. त्या फडफडीचा आवाज जवळून ऐकला तर छातीत धडकी भरते. पुढचे लहान शीड भरलेलेच होते, त्यामुळे होडी थांबली नाही. मुलीने शीड वर ओढणारा दोर सोडून ते तीनचार हात खाली घेतले. त्याच्या पुढच्या कडेतील कडी डोलकाठीजवळच्या आकड्यात अडकविली. दोर पुन्हा ताणला. मग मागच्या कडेतील कडी दुसऱ्या दोराने तळाच्या आडव्या काठीपर्यंत खेचून घट्ट केली. मधला सैल पट गुंडाळून बांधला. शिडाचा दोर पुन्हा ओढला, आणि होडी उठून बसावी तशी सरळ झाली. सुकाणवाची ओढ थांबली. मोठे शीड डोलकाठीच्या मागे असल्यामुळे त्यावर अतिरिक्त वारा भरला की तेच होडीचे नाक वाऱ्याकडे फिरविते, हे शिष्याने तेव्हा सांगितले.

मी वेगाच्या यंत्राकडे पाहिले. शीड आखडण्यापूर्वी साडेपाच नॉट, म्हणजे ताशी सुमारे दहा किलोमीटर. आखडल्यावर? साडेपाचच. मला खरे वाटेना. "सर, आडवी झालेली होडी पुढं कमी आणि बाजूला जास्त जाते," शिष्य म्हणाला. "आणि वारा बारा नॉटांचा अठरा झाला तर दाब दीडपट होत नाही." दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. दीड गुणिले दीड, सव्वादोन. म्हणजे डोळ्यांस वारा जरासाच वाढलेला दिसतो आणि शिडावर भार दुपटीहून अधिक पडलेला असतो. म्हणून जुने नावाडी सांगतात की, शीड आखडावे की काय हा प्रश्न मनात आला तीच त्याची वेळ. पुढे वारा आखडू देत नाही.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात इंद्रियांमागे धावणाऱ्या मनाला पाण्यावरील नाव ओढून नेणाऱ्या वाऱ्याची उपमा दिली आहे. ती मी चाळीस वर्षे शिकविली, आणि चाळीस वर्षे सगळा दोष वाऱ्याच्या माथी मारला. नावेवर शीड किती पसरलेले होते हे मी एकाही वर्गास विचारले नाही. एखाद्या कोळ्याच्या मुलाने विचारले असते. पण आमच्या शाळेत कोळ्यांची मुले नव्हती.

परतताना वारा डाव्या हातास आला. कोणी न सांगताच मी उठून डावीकडे बसलो. मुलगी हसली. बंदराजवळ बाहेर लाकडी उलांडी असलेल्या होड्या लागल्या होत्या. तोल सांभाळण्याची ही तजवीज या किनाऱ्यावर कोण जाणे किती पिढ्यांची आहे. मी त्यांच्याकडे सकाळी पाहिलेही नव्हते.

संध्याकाळी वहिनींना फोन केला. प्रथम पट्ट्याचा प्रश्न आला, अपेक्षेप्रमाणे. मी सांगितले, "दोर कमरेला बांधल्याशिवाय जागची हलली नाही."

"आणि होडी? नीट चालवते का?"

मी थोडा थांबलो. वेगाचे, वर्गाचे आणि शिशाच्या पंखाचे सगळे मनात आले होते. "वहिनी, वेळेवर आवरते," एवढेच म्हणालो.

पलीकडे बराच वेळ काही आवाज नव्हता. मग त्यांनी विचारले, "तिघांना चार दिवस पुरतील इतके लाडू म्हणजे मोठा डबा होईल. चालेल ना?"

"चालेल," मी म्हणालो. "वजन मात्र सांगून ठेवा. कुठे ठेवायचा ते ती ठरवील."