थोराचे दूध

चारचौघांच्या मुलांना मामाचे गाव असते ते एस. टी.च्या टप्प्यात. आमच्या कन्येचे मामाचे गाव निघाले अटलांटिक महासागरात! माझा मेहुणा नोकरीनिमित्त तेनेरीफे बेटावर असतो. कॅनरी बेटांपैकी हे एक. मालकी स्पेनची, शेजार आफ्रिकेचा.

तिथे ग्वीमारजवळ समुद्रकाठी ज्वालामुखीच्या काळ्या दगडांचे रान आहे. पाऊस नावापुरता. त्या दगडांतून पुरुषाहून उंच हिरवे खांब जुडग्यांनी वर आले होते. पान एक नाही. चार-पाच धारा आणि धारेवर जोडीजोडीने काटे.

"कॅक्टस!" मी जाहीर केले. अठरा वर्षे वर्गात शिकवल्याने, माहीत नसलेली गोष्टही मला ठामपणे सांगता येते.

कन्येने तोवर एक कोवळे टोक मोडलेही होते. (रान राखीव आहे, हे आम्हांला मागाहून कळले.)

"बाबा, कॅक्टसला दूध असतं?"

पांढरेशुभ्र दूध तिच्या बोटांवरून ओघळत होते आणि तोच हात कपाळावरचा घाम पुसायला निघाला होता. मी झडप घालून मनगट धरले.

"डोळ्याला हात लावू नकोस! डोळे जातील!"

वाक्य माझे नव्हते. आमच्या परसाच्या कुंपणाला थोर होता आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत आई दिवसातून दहादा हेच ओरडे. आम्ही तो बागुलबुवा समजत असू. आई पंढरपूरच्या पलीकडे कधी गेली नाही. तिला जाऊनही आता सहा वर्षे झाली.

मेहुण्याने होते नव्हते ते पाणी तिच्या हातांवर ओतले. मग म्हणाला, "भावजी, याला इथे कार्दोन म्हणतात. हा कॅक्टस नव्हे, आपल्या थोराचा भाऊबंद. दोघेही युफोर्बिया. कॅक्टसचं घराणं अमेरिकेचं, त्याला असं दूध नसतं. पाण्याच्या दुष्काळानं दोघांना एकाच रूपाला आणलंय, इतकंच." इथले मूळ रहिवासी ग्वांचे हे दूध पाण्यात कालवून मासे गुंगवीत, शेजारच्या ग्रान कनारिया बेटाने तर १९९१ साली कायद्याने हेच झाड आपले मानचिन्ह केले, असेही त्याने सांगितले.

कन्येला माशांविषयी फार प्रश्न होते. मला एकही सुचला नाही.

"बाबा, हात सोडा ना आता," ती म्हणाली.

पाहतो तो माझी चारही बोटे तिच्या मनगटावर उमटली होती.