ताई, येऊ का गं परत?

धाकटी बहीण इंजिनियर झाली, मुंबईला नोकरीला लागली. हुपरीत आमच्या गल्लीभर पेढे वाटले. महालक्ष्मी एक्स्प्रेसनं निघताना आईनं तिच्या पायात नवे पैंजण घातले. चांदीच्या गावची लेक ना!

मुक्काम ठाण्याला, ऑफिस विद्याविहारला. पहिल्याच आठवड्यात बाईसाहेब घाईघाईनं जलद लोकलमध्ये चढल्या. विद्याविहार डोळ्यांदेखत मागं पडलं, उतरल्या थेट कुर्ल्याला! तिथून धिम्या गाडीनं एक स्टेशन उलट. ऑफिसात बोलणी बसली ती वेगळीच. रात्री फोनवर रडली, "ताई, येऊ का गं परत?"

'ये' अगदी ओठांवर आलं होतं. पण वाटलं, चूक तिची कुठं आहे? कॉलेजच्या फॉर्मपासून एस.टी.च्या तिकिटापर्यंत तिचं सारं मीच केलं. शाळेतही मुलींना 'एकटी जाऊ नकोस' हेच सांगत आले.

म्हटलं, "महिनाभर थांब. चढण्याआधी शेजारणीला विचार, विद्याविहारला थांबते का? विचारायला लाजायचं नाही."

तिनं विचारलं. आता त्याच बायका सरकून तिला चौथी सीट देतात. दिवाळीला आली, तेव्हा डब्यातल्या मैत्रिणींसाठी पैंजणांचे तीन जोड घेऊन गेली!

मैत्रिणींनो, परवा माझ्या लेकीला एकटीलाच एस.टी.नं कोल्हापूरला मावशीकडे धाडलं. ती पोचल्याचा फोन येईतो माझा मात्र जीव खालीवर होत होता.