काळीज आणि काळजी

मराठी भाषेनें एका गरीब अवयवावर मोठा अन्याय केला आहे. खाटकाच्या दुकानीं जाऊन काळीज मागावें, तर तो बिनचूक यकृतच तोलून देतो. परंतु तोच शब्द साहित्यांत शिरला कीं तो छातीच्या डाव्या बाजूस जाऊन बसतो, आणि मग काळीज धडधडतें, काळजाला घरें पडतात, काळजाचें पाणी होतें. धैर्य, माया, दुःख या सर्वांचें श्रेय हृदयाकडे गेलें. बरगड्यांखालीं उजव्या कोपऱ्यांत मुकाट्यानें शेंकडों कामें उरकणाऱ्या खऱ्या काळजाच्या वांट्यास आली ती नुसती कावीळ. ही गंमत आम्ही वर्गांत अनेक वर्षें सांगत आलों आहों. परंतु २०२३ सालीं आमच्या थोरल्या बहिणीच्या यजमानांच्या यकृतांत कर्करोगाची गांठ निघाली व तिच्यासह यकृताचा बराचसा उजवा भाग कापून काढावा लागला, तेव्हांपासून खऱ्या काळजाची ओळख आमच्या सर्व कुटुंबास झाली आहे. आणि काळजाहूनही अधिक ओळख झाली ती काळजीची.

शस्त्रवैद्याचें काम पांच-सहा तासांत आटोपतें. घरच्यांचें काम त्यानंतर पांच-सहा महिने चालतें. पहिल्यासाठीं मनुष्य पंधरा-पंधरा वर्षें अध्ययन करतो. दुसऱ्यासाठीं कोणी घटकाभरही शिकत नाहीं, कारण माया असली म्हणजे शुश्रूषा आपोआप येते अशी आपली सर्वांची समजूत. माया असणें आणि शुश्रूषा येणें यांत केवढें अंतर आहे, हें आम्हीं त्या काळांत पाहिलें.

ग्रीक पुराणांत प्रॉमीथिअसची कथा आहे. त्यानें देवांचा अग्नि चोरून मनुष्यांस दिला म्हणून त्यास खडकाशीं जखडण्यांत आलें; गरुडानें दिवसा त्याचें यकृत खावें आणि रात्रीं तें पुनः वाढावें अशी शिक्षा त्यास झाली. कथाकारांस यकृताचा हा गुण ठाऊक होता कीं तें केवळ योगायोगानें जुळलें, हा वाद पंडितांनीं खुशाल करावा. गुण मात्र खरा आहे. १९३१ सालीं हिगिन्स व अँडरसन या संशोधकांनीं उंदरांच्या यकृताचा दोन-तृतीयांश भाग काढला, आणि थोड्याच दिवसांत उरलेला भाग वाढून जवळजवळ मूळच्या वजनास पोंचला. मनुष्यांतही हें घडतें; फक्त रात्रींतून नव्हे, तर कांहीं आठवडे ते कांहीं महिने इतका काळ त्यास लागतो. शिवाय कापलेला खंड पुनः फुटत नाहीं. शिल्लक राहिलेलें यकृतच आकारानें वाढून गेलेल्याचें काम अंगावर घेतें. यकृत निरोगी असेल तर चतुर्थांशाहून थोडें अधिक उरलें तरी निभावतें. तें आधींच निबर व व्रणग्रस्त झालें असेल, तर निदान शेंकडा ४० भाग तरी मागें ठेवावा लागतो. आणि यकृताचा कर्करोग बहुधा अशा आधींच पिडलेल्या यकृतांतच उद्भवतो, ही यांतली अडचण.

आमच्या मेहुण्यांच्या घरीं या शास्त्राचा अर्थ असा लावण्यांत आला कीं, काळीज आपोआप वाढणार आहे, तेव्हां यांनीं फक्त पडून राहावें. त्यामुळें शस्त्रक्रियेच्या दुसऱ्याच दिवशीं सकाळीं परिचारिकेनें त्यांस उठवून खुर्चींत बसविलें व संध्याकाळीं चार पावलें चालविलें, तेव्हां आमच्या बहिणीच्या डोळ्यांस पाणी आलें. पोटावर एवढा मोठा आडवा छेद, नाकांत नळी, बाजूला पिशवी, आणि या मुलीला दयामाया नाहीं! त्या मुलीनें शांतपणें उत्तर दिलें, "आई, आज यांना निजूं दिलें तर उद्यां छातींत कफ धरेल, आणि मग मला यांची खरोखरच दया येईल."

रिचर्ड आशर नांवाच्या इंग्रज वैद्यानें १९४७ सालीं अंथरुणांत पडून राहण्याच्या धोक्यांवर एक खुसखुशीत लेख लिहिला होता. पडून राहिल्यानें फुप्फुसें, स्नायू, हाडें, रक्तवाहिन्या, आंतडीं व शेवटीं मनुष्याचा उत्साह हीं सर्व कशीं गंजत जातात, हें त्यानें त्यांत दाखविलें. या शस्त्रक्रियेंत तर छेद बरगड्यांच्या अगदीं कडेनें जातो. श्वास खोल घेतला कीं दुखतें, म्हणून रोगी वरवर श्वास घेतो, आणि फुप्फुसाचा खालचा भाग मिटून राहतो. त्यासाठीं तीन रंगीत चेंडू असलेलें एक प्लास्टिकचें यंत्र देतात. आमच्या मेहुण्यांस भेटायला येणारा प्रत्येक जण तें पाहून "फुंका, जोरानें फुंका" असा उपदेश करी. वस्तुतः तें फुंकायचें नसतें. नळी तोंडांत धरून श्वास आंत ओढायचा असतो व चेंडू वर तोलून धरायचे असतात. जागेपणीं तासातासाला दहा वेळां हें करावें, खोकतांना पोटावर उशी दाबून धरावी, आणि दुखणें थांबविण्याचें औषध वेळेवर मागून घ्यावें; सोसण्यांत पुरुषार्थ नाहीं, कारण जो सोसतो तो खोकत नाहीं आणि चालतही नाहीं. चालण्याचा दुसरा हेतु पोटऱ्यांतील शिरांमध्यें रक्ताच्या गांठी होऊं न देणें हा. त्यासाठीं पोटाच्या कातडींत टोंचण्याचीं इंजेक्शनेंही कित्येकदां घरीं आल्यावर चालू असतात, आणि "आतां सुया कशाला?" म्हणून तीं बंद करणारीं प्रेमळ माणसें आम्हांस ठाऊक आहेत.

अन्नाचें प्रकरण याहून बिकट. आजारी मनुष्य म्हणजे पेज, हें समीकरण आपल्या हाडींमाशीं खिळलें आहे. त्यांतून यकृताचा रोगी म्हणजे तेल नको, तूप नको, डाळ जड, अंडें तर वर्ज्यच. पूर्वीं वैद्यही अशा रोग्यांचीं प्रथिनें कमी करीत, हें खरें; परंतु तें मत आतां मागें पडलें आहे. जें यकृत वाढावयाचें आहे त्यास वाढण्यासाठीं द्रव्य नको काय? शरीराच्या दर किलो वजनामागें रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनें द्यावींत, असें या विषयाचे जाणते सांगतात. म्हणजे साठ किलोच्या मनुष्यास सत्तर ते नव्वद ग्रॅम. एका अंड्यांत सहा ग्रॅम धरलीं, तर पेजेच्या वाटीवर काय भागणार, याचा हिशेब शाळकरी मुलासही करतां येईल. आमचे मेहुणे भूमापन खात्यांतून निवृत्त झालेले. हिशेब हा त्यांचा प्राण. आहारतज्ज्ञ बाईंनीं आंकडा सांगितल्यावर त्यांनीं जुन्या वहींत रकाने आंखले, आणि दही, पनीर, मुगाची उसळ, दूध, शेंगदाणे यांची रोजची मोजणी सुरू केली. एका बैठकीस फार खाववत नाहीं, म्हणून दिवसांतून सहा वेळां थोडथोडें. आणि यकृत थोडें निबर असल्यामुळें रात्रीं झोपण्यापूर्वीं एक खाणें अवश्य, कारण असें यकृत रात्रभराच्या शिधोरीचा सांठा करूं शकत नाहीं व लांबलेल्या उपासांत शरीर स्वतःचेच स्नायू खाऊं लागतें. दहाव्या दिवशीं एकादशी आली. बहिणीनें साबुदाण्याची खिचडी पुढें ठेविली. मेहुण्यांनीं वहींत पाहून ती निमूटपणें परत केली. त्या घरांत चाळीस वर्षांत घडली नव्हती अशी ती क्रांति होती.

काढे आणणारांची एक वेगळीच रांग लागली. कोणी भुईआंवळा आणला, कोणी गुळवेल. आम्हांस आयुर्वेदाविषयीं अनादर नाहीं. परंतु करोनाच्या सांथींत घरोघर गुळवेल प्यायली गेली, तेव्हां तिच्यानंतर यकृतास इजा झालेले रोगी मुंबईच्या डॉक्टरांनीं पाहिले व २०२१ सालीं त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. ज्या यकृताचा अर्धा भाग नुकताच गेला आहे, त्याच्यावर डॉक्टरांस न विचारतां कोणतीही वनस्पति, कोणतीही दुखण्यावरची गोळी टाकूं नये, इतकें तरी मान्य व्हावें.

या रांगेंतल्या कित्येकांच्या डोळ्यांत एक प्रश्न असे. एका वृद्ध गृहस्थांनीं तो उघड विचारलाच: "हे घेत होते काय हो?" मेहुण्यांनीं आयुष्यांत दारूचा थेंब घेतलेला नाहीं. त्यांचें यकृत बिघडलें तें कावीळीच्या ‘बी’ जातीच्या विषाणूमुळें. हा विषाणू ओळखणारे ब्लमबर्ग यांस १९७६ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें, त्याची लस कित्येक दशकें उपलब्ध आहे, आणि २०११ पासून ती भारतभर बालकांच्या नित्य लसीकरणांत आहे. बहुधा जन्मतःच आईकडून आलेला हा पाहुणा साठ वर्षें त्यांच्या अंगांत गुपचूप राहिला. लोकांनीं दारूचा संशय घेतला आणि घरांतल्या एका सुनेनें त्यांचें ताट वेगळें काढलें. दोन्ही सारखींच निराधार. हा विषाणू रक्तानें, सुईनें, समागमानें पसरतो. एका पंक्तीस जेवल्यानें पसरत नाहीं. ताट वेगळें करण्याऐवजीं सर्वांचें रक्त तपासा, असें डॉक्टरांनीं बजावलें. मुलें निर्दोष निघालीं व त्यांनीं लस घेतली. मेहुण्यांच्या धाकट्या भावाच्या रक्तांत मात्र तोच विषाणू सांपडला. त्यास कांहीं होत नव्हतें, आजही होत नाहीं. पण तो आतां औषध घेतो व दर सहा महिन्यांनीं सोनोग्राफी करवितो. एका ताटाच्या भांडणांतून एका मनुष्याचा जीव कदाचित् वांचला असेल. मेहुण्यांनाही विषाणूवरची गोळी रोज घ्यावी लागते. गांठ गेली, मग गोळी कशाला, असा प्रश्न घरांत निघाला होता. गांठ गेली तरी ती जेथें उगवली तें शेत तसेंच आहे, असें त्यांनीं स्वतःच, आपल्या जमीनमोजणीच्या भाषेंत, समजावून दिलें.

परंतु हें समजावण्यापूर्वीं त्यांना रोगाचें नांवच सांगितलेलें नव्हतें. "साधी गांठ आहे" असें सर्वांनीं ठरवून सांगितलें. रोग्याचें धैर्य खचूं नये म्हणून असें करतात, आणि हेतूबद्दल आमचा वाद नाहीं. पण या रोगाचें स्वरूप असें कीं, शस्त्रक्रिया उत्तम झाली तरी पांच वर्षांत शंभरांतून सत्तरांच्या आसपास रोग्यांत तो यकृतांत पुनः उद्भवतो. मात्र वेळेवर दिसला तर पुष्कळदां पुनः उपाय करतां येतो. म्हणून दर तीन-चार महिन्यांनीं रक्त आणि छायाचित्र. ज्याला आपल्या शत्रूचें नांव ठाऊक नाहीं, त्यानें हा पहारा कशासाठीं करावा? ताप व हुडहुडी, डोळ्यांची पिंवळी झांक, फुगणारें पोट, काळा शौच, सुजलेली पोटरी, अवेळीं येणारी गुंगी यांपैकीं कांहीं दिसतांच बोलायचें असतें. साधी गांठ झालेला मनुष्य कशाला बोलेल?

ती लपवालपवी मेहुण्यांनींच मोडली. घरीं आल्यावर तिसऱ्या आठवड्यांत त्यांनीं कपाटावरची फाईल काढून सर्व कागद तारीखवार लावले, आणि चहाच्या वेळीं सर्वांसमोर विचारलें, "आतां माझ्यापासून आणखी काय लपवायचें राहिलें आहे, तें आजच सांगून टाका, म्हणजे मला रकाना आंखतां येईल." बहीण खूप रडली. पण त्या रात्रीं कित्येक आठवड्यांनीं तीं दोघें बराच वेळ बोलत बसलेलीं आम्हीं ऐकलीं.

तीन महिने त्यांनीं पाण्याची बादली उचलली नाहीं. पोटाच्या शिवणीसाठीं तें आवश्यक होतें. आतां भाजी स्वतः आणतात व जिना चढून येतात. तपासणीच्या आधींचा आठवडा मात्र घर अजून दबकत चालतें. त्यावर औषध कोणीं शोधलेलें नाहीं. गेल्या खेपेची तारीख दिनदर्शिकेवर लाल शाईनें लिहितांना बहिणीच्या लक्षांत आलें कीं, त्या दिवशीं नेमकी एकादशी आहे. "बरें झालें," मेहुणे म्हणाले, "छायाचित्रासाठीं सकाळीं उपाशीं जावें लागतेंच. तेवढी दुपारपर्यंतची एकादशी माझ्या नांवावर लिही."