गिअरचे तेल आणि काळे हात

आम्ही कारकून माणूस. आयुष्य खतावणीच्या रकान्यांत गेले. बी.कॉम.ने जमाखर्च शिकवला, पण पाना कोणत्या बाजूला फिरवला म्हणजे नट सैल होतो, हे चाळिशी उलटेपर्यंत नीट ठाऊक नव्हते. ते कसे कळले आणि त्यासोबत आणखी काय कळले, ते सांगण्यासाठी हा लेखप्रपंच.

भुसावळात आमच्या वस्तीतल्या बुद्ध विहार समितीकडे एक जुनी मारुती ओम्नी आहे. कंपनीने ही गाडी २०१९ साली बनवायची बंद केली, पण आमच्या कामाला ती अजून येते. घरटी वर्गणी काढून वस्तीने ती जुनीच विकत घेतली. मंगल परिणय असो, धम्म परिषद असो, मध्यरात्री अडलेली बाळंतीण असो, गाडी धावते. पण तिचे खरे काम सोमवारी आणि गुरुवारी. निम्म्या वस्तीला ज्यांनी बाराखडी शिकवली, त्या निवृत्त गुरुजींना डायलिसिससाठी जळगावला न्यायचे, चार तास थांबायचे आणि परत आणायचे.

गेल्या उन्हाळ्यात या गाडीचा दुसरा गिअर कुरकुरू लागला. टाकताना कर्र आवाज यायचा. गॅरेजवाल्याने सांगितलेला आकडा ऐकून आम्ही वर्गणीची वही मिटली. शिल्लक होती १,१४० रुपये. एक सहकारी म्हणाले, "गिअरचे तेल शेवटचे कधी बदलले?" वही पुन्हा उघडली. इंजिन ऑइलच्या नोंदी होत्या, टायरच्या होत्या, उदबत्तीच्यासुद्धा होत्या. गिअर ऑइलची एकही नव्हती!

हे तेल इंजिनच्या तेलासारखे जळत नाही, कमी होत नाही, म्हणून कोणाला आठवत नाही. पण दात्यांचे घर्षण आणि उष्णता सोसून तेही थकते. ठरले, रविवारी सकाळची वंदना झाली की विहाराच्या अंगणात आपणच तेल बदलायचे.

हत्यारे आमच्या वडिलांची. कालकथित वडील इथल्या लोको शेडमध्ये खलाशी होते. फिटरच्या हाताखाली राबत त्यांनी सारे काम आत्मसात केले. घरी आले की राखेने हात घासत बसायचे, तरी नखांतले काळे जायचे नाही. आम्ही अभ्यासाला बसलो की म्हणायचे, "तुझ्या हाताला शाई लागू दे, तेल नको." आम्ही ते शब्दशः पाळले. पानांची पेटी माळ्यावर गेली आणि पुन्हा खाली आलीच नाही.

रविवारी गाडी पाच किलोमीटर फिरवून आणली, कारण तेल कोमट असले म्हणजे सगळे निथळते. जॅक लावला, खाली पक्क्या घोड्या ठेवल्या. एकट्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही शिरू नये. मग आम्हीच आडवे झालो आणि खालचा नट सोडला. काळे, दाट तेल परातीत उतरले. त्यात पितळेची चमकती पूड होती. सगळे खूश. आता बाजूचा, तेल भरायचा नट उघडायचा.

तो उघडेना. आधी कोणीतरी चुकीचा पाना लावून त्याच्या कडा गोल केल्या होत्या. आम्ही जोर लावला तशा त्या आणखी गोल झाल्या. दुपार टळली. जुने तेल परातीत, नवे डब्यात आणि गिअरबॉक्स कोरडा. अशी गाडी चालवली तर दाते एकमेकांना खाऊन टाकतील. सकाळी सोमवार.

तेवढ्यात गुरुजी काठी टेकत आले. परातीकडे पाहिले आणि म्हणाले, "होईल रे. नाही झाले तर एसटीने जाईन." परतीच्या वेळी त्यांना धड उभे राहवत नाही, हे आम्ही दर आठवड्याला पाहतो. त्यांच्याकडे मान वर करून पाहवले नाही.

समोरच्या ओट्यावर पिको-फॉलचे मशीन चालवणारी मुलगी सकाळपासून हे पाहत होती. ती उठून आली. "काका, आधी भरायचा नट सोडायचा असतो. तो सुटला तरच खालचा उघडायचा. नाहीतर असं होतं."

"अगं, मग सकाळीच का नाही बोललीस?"

"तुम्ही कोणी विचारलं का?"

या मुलीने आयटीआयमधून मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा कोर्स केला आहे. भीमजयंतीच्या मंचावर आम्हीच तिला पुष्पगुच्छ आणि पेन दिले होते. सूत्रसंचालनही आमचेच. त्यानंतर ती चार गॅरेजांत जाऊन आली. "इथे मुलींचे काम नाही," हे चारही ठिकाणी ऐकले आणि पिको-फॉलला बसली. आम्ही टाळ्या वाजवून मोकळे झालो होतो.

तिने गंज सोडवणारे तेल फवारले आणि अर्धा तास थांबायला लावले. नटावर हातोडीचे हलके ठोके दिले. आमच्या वडिलांच्या पेटीतून सहा कोनांचा सॉकेट निवडला, दांडीवर लांब पाइप चढवला आणि एकाच सावकाश दाबात नट सोडला. मग आमचा डबा हातात घेऊन वाचला. "हे जीएल-५ आहे. मागच्या डिफरन्शियलला चालेल. गिअरबॉक्सला जीएल-४ आणा. यातल्या गंधकाचा आतल्या पितळी कड्यांना त्रास होतो." दुकान बंद होता होता डबा बदलून आणला. खालच्या नटाला नवा वॉशर घातला. गाडी सपाट करायला लावली, कारण तिरप्या गाडीत तेलाची पातळी खोटी दिसते. पिचकारीने तेल भरत गेली आणि भरायच्या भोकातून ते बाहेर ठिबकू लागले तेव्हा थांबली. माप हेच. मात्र ही रीत हाताने गिअर टाकायच्या साध्या गाडीची. ऑटोमॅटिक गाडीचे तेल वेगळे, त्याची पातळी तपासायची पद्धत वेगळी. तिथे घरी हात घालू नये.

परात उचलून एक सहकारी गटाराकडे निघाले. ती म्हणाली, "दादा, त्या गटारात उद्या कोण उतरणार आहे?" सगळे गप्प झाले. माणसाने गटारात उतरून मैला काढण्यावर बंदी घालणारा कायदा २०१३ साली झाला, तरी उतरणारा बहुधा आपलाच असतो. वापरलेले तेल २०१६ च्या नियमांप्रमाणे घातक कचऱ्यात मोडते. ते डब्यात बंद केले आणि जुने तेल गोळा करणाऱ्या गॅरेजात पोचवले.

रात्री आम्ही हात धूत होतो. नखांतले काळे जाईना. तेव्हा वडील आठवले आणि गिरणी कामगारांचा इतिहासही. मुंबईच्या कापड गिरण्यांत विणकाम खात्यात पगार जास्त होता, पण तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागतो, विटाळ होईल, म्हणून अस्पृश्यांना तिथे प्रवेश नव्हता. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न धसास लावला. घाणीचे काम आपल्याला आणि कसबाचे काम दुसऱ्याला, अशी ती वाटणी होती. त्या काळ्या हातांमागे वडिलांचे कसब होते. ते आम्ही माळ्यावर टाकले. आणि ज्या दारावर बाबासाहेबांनी धडक दिली, तसलेच दार एका मुलीच्या तोंडावर बंद होत असताना आम्ही पेन वाटत होतो. दोष फक्त त्या चार गॅरेजवाल्यांचा कसा म्हणावा?

सोमवारी सकाळी सहाला गाडी निघाली. कुरकुर पुष्कळ कमी झाली, पूर्ण गेली नाही. पितळी कड्या झिजल्या आहेत, त्या तेलाने भरून येत नाहीत, असे तिने आधीच बजावले होते. गुरुजी मात्र वेळेवर पोचले.

पुढच्या बैठकीत दोन ठराव झाले. गाडीची देखभाल मानधनावर त्या मुलीकडे. आणि महिन्यातून एका रविवारी वंदनेनंतर मुलामुलींना हत्यारांची ओळख, शिकवणार तीच. पेटी आता विहारात असते. वहीत गिअर ऑइलचा रकाना आम्ही स्वतः आखला आहे. तेवढे आम्हाला जमते.

वाचकहो, तुमच्या वस्तीतही कोणीतरी असे ओट्यावर बसलेले असेल. आम्ही संध्याकाळपर्यंत थांबलो. तुम्ही सकाळीच विचारा.

जयभीम!