चूलबंद आवतण

मावळात लग्नाचे बोलावणे दोन तऱ्हांचे असते. एक, घरटी एका माणसाने यावे असे, दुसरे चूलबंद. चूलबंद आवतण आले म्हणजे पोराबाळांसह साऱ्या घराने पंगतीला जायचे आणि त्या दिवशी घरात चूल पेटवायची नाही. कामशेतला बिऱ्हाड केल्यावर हा शब्द आमच्या कानी प्रथम पडला, आणि तो नीट कळायला आमच्या हातून एक चूक व्हावी लागली.

काही वर्षांपूर्वीच्या वैशाखात शेजारच्या शेतकरी कुटुंबात थोरल्या मुलीचे लग्न निघाले. मुलीची आई स्वतः अक्षता घेऊन दारी आली. “दादा, ताई, चूलबंद आहे बरं का,” असे दोनदा बजावून गेली. आम्ही उभयता मुलांना घेऊन गेलो. ठेवणीतले कपडे घातले, अक्षता टाकल्या, आहेराचे पाकीट दिले आणि पंगत बसण्यापूर्वीच हळूच निघून आलो. उन्हाळ्याचे दिवस, टँकरचे पाणी, उघड्यावरचे जेवण. पोटे बिघडायला नकोत, असा आमचा शहाणा विचार. घरी येऊन कुकर लावला. थोड्याच वेळात मुलीचा चुलतभाऊ, दहा-बारा वर्षांचा पोर, धावत आला. “चला, पंगत बसतीय. काकीनं बोलावलंय.” नेमकी त्याच क्षणी कुकरने शिट्टी दिली. पोराने स्वयंपाकघराकडे पाहिले आणि काही न बोलता तो परत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माउली बुंदी आणि भाताचा डबा घेऊन आली. “काल गडबडीत तुम्हांला आग्रह करायचा राहून गेला,” म्हणाली. दोष तिने स्वतःकडे घेतला. भात इंद्रायणीचा होता, वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून १९८७ साली आलेल्या वाणाचा, आणि तिच्याच खाचरातला. वास घरभर दरवळला. घास मात्र घशाखाली उतरेना.

पुढे ऑक्टोबरात लोणावळ्याला मिस्सेत संत मत्तयच्या २२व्या अध्यायातील राजपुत्राच्या लग्नाचा दाखला वाचला गेला. उपासनेच्या तीन वर्षांच्या चक्रात तो ‘अ’ वर्षी, सामान्य काळातील २८व्या रविवारी येतो. म्हणजे आजवर किती वेळा ऐकला असेल! पण राजा चाकरांना धाडतो ते आधीच आमंत्रण दिलेल्यांकडे, हे त्या दिवशी प्रथम कानात शिरले. बोलावणे दोनदा आहे. पहिले अगोदरचे, दुसरे ताटे मांडल्यावरचे. पहिल्याला होकार देऊन दुसऱ्याला पाठ दाखवणे यातला अपमान भाष्यकार पंडितांपेक्षा मावळातल्या कोणाही आजीला लवकर उमगेल. संत लूकच्या १४व्या अध्यायात पाहुण्यांच्या सबबीही आहेत. एकाने शेत घेतले, दुसऱ्याने बैलांच्या पाच जोड्या घेतल्या, तिसऱ्याचे नुकतेच लग्न झाले. यांत पाप एकही नाही. सभ्य, संसारी माणसांचीच ही कारणे, आमच्या टँकरच्या पाण्यासारखी.

दाखल्याच्या शेवटी लग्नाचे वस्त्र नसलेला माणूस बाहेर घालवला जातो, हे आम्हांला नेहमी अन्यायाचे वाटे. रस्त्यावरून धरून आणलेल्याने वस्त्र आणावे कोठून? संत ऑगस्टीनने एका प्रवचनात या वस्त्राचा शोध घेतला आहे. बाप्तिस्मा, उपास, वेदीजवळ येणे ही ती वस्त्रे नव्हेत, कारण बऱ्यावाईट सर्वांनाच ती मिळतात, असे तो म्हणतो. वस्त्र म्हणजे प्रीती. आमच्या अंगावर त्या दिवशी ठेवणीतले कपडे होते, हे वर सांगितलेच आहे.

काना गावचे लग्नही पुन्हा वाचून पाहिले. वसईकडचे आम्ही, लग्नाच्या आदल्या दिवशी वाजतगाजत विहिरीवरून ‘उंबराचे पाणी’ आणून नवरानवरीला न्हाऊ घालतात, ते लहानपणापासून पाहिलेले. कानातल्या सहा दगडी रांजणांतले पाणीही पिण्यासाठी नव्हते, शुद्धीसाठीच होते. एकेका रांजणात दोन-तीन मण मावत, म्हणजे आजच्या मापाने सुमारे ऐंशी ते एकशेवीस लिटर. एका खेड्यातल्या लग्नाला एवढा द्राक्षारस! यजमानाची अब्रू जाणार, हे आधी ओळखले मरियामातेने, आणि कोणाला दोष न देता ती मुलाजवळ दोन शब्द बोलली. डबा घेऊन दारात उभी राहिलेली आमची शेजारीण आम्हांला त्या ठिकाणी आठवली, यात वाचकांनी अतिशयोक्ती मानू नये.

यशयाने पाहिलेल्या डोंगरावरच्या मेजवानीतही सर्व राष्ट्रांना बोलावणे आहे. ते चूलबंदच म्हणायचे. आणि दर रविवारी पवित्र ख्रिस्तशरीर घेण्यापूर्वी धर्मगुरू कोकऱ्याच्या भोजनाला बोलावलेल्यांना धन्य म्हणतात, ते शब्द प्रकटीकरणाच्या १९व्या अध्यायातले. तेथे ते लग्नाचे भोजन आहे. ताटे मांडल्यावरचे हे दुसरे बोलावणे. आम्ही मात्र कित्येक रविवार आहेराचे पाकीट द्यावे तसे मिस्सेला गेलो आहोत. वेळेवर हजेरी, पेटीत दान, आणि मन घरच्या कुकरपाशी.

यंदा शेजारी धाकटीचे लग्न ठरले आहे. अक्षता घेऊन तोच मुलगा आला होता; आता त्याला मिसरूड फुटले आहे. “चूलबंद आहे,” म्हणाला, आणि क्षणभर स्वयंपाकघराकडे पाहून हसला.